मेंदूची काळजी घ्यायची तर दंडाला पट्टा बांधा

भिजवलेले बदाम, शब्दकोडं आणि ब्राह्मी. मेंदू तल्लख ठेवायला काय करावं, असं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा, उत्तर या तिघांच्या फारसं पलीकडे जात नाही. तिन्हींत वाईट काही नाही. पण ज्या घरात ही तिन्ही निष्ठेने चालतात, त्याच घरात बीपीची गोळी ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून परस्पर बंद झालेली असते, आजोबांना टीव्ही मोठ्याने लागतो म्हणून सगळे वैतागलेले असतात आणि कर्त्या माणसाच्या घोरण्यावर विनोद चाललेले असतात. बदामांपेक्षा या तीन गोष्टींची चौकशी आधी व्हायला हवी.

मेंदूचं वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. ऊर्जा मात्र तो वीस टक्क्यांच्या आसपास खातो. शिल्लक टाकायची सोय त्याच्याकडे जवळपास नाही, त्यामुळे प्राणवायू आणि साखर क्षणाक्षणाला रक्तातून यावी लागते, तीही अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून. या वाहिन्या चाळिशी-पन्नाशीत खराब होऊ लागतात आणि विसराळूपणा सत्तरीत दिसतो. मधल्या वीस वर्षांत काहीच दुखत नाही, म्हणून कुणी काही करत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली: कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, वाढलेलं बीपी, वाईट कोलेस्टेरॉल, मधुमेह, तंबाखू-सिगारेट, लठ्ठपणा, बसून राहणं, अति दारू, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली अधू दृष्टी. या सगळ्यांना आवर घातला तर जगातल्या सुमारे 45 टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबणीवर पडू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब पूर्ण लोकसंख्येचा आहे. एका माणसाने सगळं नीट केलं तरी त्याला हमी मिळत नाही. पण आपल्याकडे साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आकड्यातले थोडे जरी कमी झाले तरी खूप झालं.

बीपी: मोजण्यातच निम्मी चूक

वाढलेल्या बीपीने मेंदूच्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, त्यांच्या टोकाचा भाग उपाशी राहतो. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. घरचे ते वयाच्या खात्यावर टाकतात. काही अंशी ते खरंही असतं, पण त्यात बीपी, शुगर आणि तंबाखूचा वाटा मोठा असतो. चाळिशीपासून वरचा आकडा 130 किंवा त्याखाली ठेवा, असं हा आयोग सांगतो. अमेरिकेत झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात वरचा आकडा 120 च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण 140 चं लक्ष्य ठेवलेल्या गटापेक्षा 19 टक्क्यांनी कमी निघालं. डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणून औषध कुठवर वाढवायचं हे डॉक्टरांनी माणूस बघून ठरवावं. आपलं काम त्यांच्या हाती खरे आकडे देण्याचं.

आणि खरे आकडे क्वचितच मिळतात. दवाखान्यात माणूस जिना चढून, नंबर लावून, आधीच्या पेशंटशी गप्पा मारत बसलेला असतो आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधला जातो. घरी मोजायचं तर दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन हात जरा खालीवर झाला की भलतेच आकडे दाखवतात. पट्टा घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा. बहुतेक मशीनबरोबर येणारा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटरसाठी असतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि विनाकारण गोळी वाढते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असेल तरी आकडा चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय टाकायचा नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर. हात लोंबकळत ठेवला तर आकडा वाढतो, मशीन चालू असताना बोललं तरी वाढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी, असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा जास्त आली, तर ते वाढलेलं बीपी. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजा आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त, तोच धरा.

मशीन अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार दाखवत असेल, किंवा मनगटावरची नाडी तालात लागत नसेल, तर ईसीजी काढून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या दोषात हृदयात गुठळी होऊन थेट मेंदूत जाऊ शकते. पासष्टीनंतर नाडीवर महिन्यातून एकदा बोटं ठेवायला खर्च शून्य.

बीपी आटोक्यात न येण्याची घरगुती कारणं ठरलेली आहेत. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन बीपी चढवते. मिश्रीकडे तर डॉक्टरांचंही लक्ष जात नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री ही दात घासायची गोष्ट. प्रश्न ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ असाच विचारायला हवा.

मिठाचा हिशेब घरच्या घरी होतो. माणशी दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा धरली तर चार जणांच्या घरात एक किलोची पिशवी किमान पन्नास दिवस पुरायला हवी. महिन्यात संपत असेल तर स्वयंपाकातच मर्यादा ओलांडली गेली. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील आणि स्टेशनबाहेरचा वडापाव त्यावर वेगळे. पोटॅशियम असलेलं ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

पंचाहत्तरीपुढे गणित थोडं बदलतं. बसल्या जागी 130 असलेलं बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांत 20 अंकांनी किंवा जास्त पडत असेल, तर आजोबा पहाटे बाथरूमच्या वाटेवर पडतात. म्हणून या वयात उभ्यानेही मोजा आणि तो आकडा वहीत वेगळा लिहा.

शुगर, कोलेस्टेरॉल आणि उपवास

वाढलेली शुगर वाहिन्या खराब करते हे आता सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्ष जातं ते उतरलेल्या शुगरकडे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत ताणला आणि सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली, की दुपारी शुगर 70 च्या खाली जाते. घाम, थरथर होईलच असं नाही. कधी नुसतंच असंबद्ध बोलणं, चिडचिड, घरातल्यांची नावं चुकणं. घरच्यांना वाटतं, विसरायला लागले. आधी बोटाला सुई टोचून शुगर बघा. कमी असेल आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, दवाखाना गाठा. असे झटके वारंवार आले तर मेंदूला ते महागात पडतात. सत्तरीपुढे शुगर फार कडक ठेवायची नाही, हे अलीकडे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. उपवास सोडायचा नसेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांचं आधी विचारून घ्या. आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाणार असाल, तर तो उपवास शुगर उतरवत नाही, चढवतो.

चाळिशीत एकदा लिपिड प्रोफाइल करून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती ते बघा. ‘लॅन्सेट’च्या 2024 च्या यादीत ते नव्याने आलंय आणि डिमेन्शियाच्या केसेसमध्ये त्याचा वाटा 7 टक्के धरलाय, कमी ऐकू येण्याच्या बरोबरीचा.

कान

कमी ऐकू येणं आणि विसरणं यांचा संबंध लोकांना पटत नाही. आवाज तुटक पोचला की मेंदूची शक्ती शब्द जुळवण्यातच खर्च होते आणि लक्षात ठेवायला उरत नाही. मग माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो, फोन घेत नाही, लग्नाकार्याला जायचं टाळतो. कानामागून एकटेपणा येतो, आणि तोही त्या 14 कारणांतला. अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीत (2023) सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाचे 977 लोक होते. सरसकट सगळ्यांत श्रवणयंत्राचा फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली स्मरण-आकलनाची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली.

सुरुवात मळापासून करा. ईएनटीकडून कान साफ झाल्यावरच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. हेअरपिन, काडी, गरम लसणाचं तेल यांनी पडदा फाटतो किंवा मळ आणखी आत जातो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था. तपासणीसाठी मुंबईकरांनी ती ध्यानात ठेवावी.

यंत्र घेतलेल्या कित्येक घरांत ते कपाटाच्या खणात पडलेलं असतं. मेंदूला कित्येक वर्षांनी पंखा, भांडी, रिक्षा, सगळं एकदम ऐकू येतं आणि ते असह्य होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात घरातच, शांत वेळी, रोज एक-दोन तास लावायचं आणि मग वेळ वाढवायची. सवय व्हायला चार-सहा आठवडे जातात. त्या काळात ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो. विकत घेताना या फेऱ्या किमतीत धरल्या आहेत का, हे विचारून घ्या. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मगच आत घाला. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात हे चुकवलं की दमटपणाने आवाज खरखरतो. ‘यंत्र बिघडलं’ अशी तक्रार आली की आधी टोकाचं भोक मळाने बुजलंय का ते पाहा. रस्त्यावर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारी यंत्रं बहुतेकदा सगळे आवाज सरसकट वाढवतात. ती श्रवणयंत्रं नव्हेत.

तरुणांनीही हा भाग वाचावा, विशेषतः ढोल-ताशा पथकातल्यांनी. 85 डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या जागेसाठी मानलेली मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. पथकाचा सराव त्याहून कितीतरी लांबतो. फोमचे बोळे केमिस्टकडे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता कानात खोचला तर काही उपयोग नाही. लोकलमध्ये हेडफोनचा आवाज गाडीच्या खडखडाटावर मात करायला वाढवला जातो. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन असेल तर आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांच्या खाली राहू शकतो.

घोरणं आणि झोप

जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून मग दचकून घेतलेला श्वास, सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये पेंग, तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी आणि शर्टाची कॉलर 40 सेंटीमीटरच्या पुढे. यातलं दोन-तीन जुळलं तर झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया, तपासून घ्यायला हवा. तपासणी आता घरीही होते. रात्रभर प्राणवायू खालीवर होत राहणं मेंदूच्या वाहिन्यांना अजिबात मानवत नाही. उपचारासाठी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागलं तर ते सोडून देण्याची दोन मोठी कारणं, मास्कमधून हवा सुटणं आणि घसा कोरडा पडणं. पहिल्यासाठी मास्कचा साइज बदलून घ्या, दुसऱ्यासाठी ह्युमिडिफायर वापरा आणि त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला.

मोठ्यांना सात तास तरी झोप हवी, किशोरांना आठ ते दहा, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा. विरार-कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. हसावं, पण रात्री अकरानंतरच्या सिरियल आणि रील्समधून एक तास निघतो का ते बघावं. शाळांपुरता सरकारने 2024 मध्ये एक शहाणपणाचा निर्णय घेतला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. आठवी-नववीच्या मुलांना सकाळच्या झोपेची गरज त्याहून जास्त असते, पण त्यांच्या शाळा सातलाच भरतात, आणि वर क्लास.

झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेणारी पुष्कळ ज्येष्ठ मंडळी आहेत. विसराळूपणा आणि पडणं, दोन्ही त्याने वाढतं. पण एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने उतरवायची.

औषधांची पिशवी आणि बी-12

वर्षातून एकदा घरातली सगळी औषधं, होमिओपॅथी, चूर्णं, सर्दीच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, एका पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरांपुढे ओता. सर्दीतली क्लोरफेनिरामाइन, खोकल्याच्या सिरपमधली डायफेनहायड्रामाइन, खाजेची हायड्रॉक्सिझीन, लघवीची ऑक्सिब्युटिनिन, जुन्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलिन ही सगळी मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात, आणि स्मरणशक्ती त्याच रसायनावर चालते. एकेकटी गोळी चालून जाते. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन दिल्या की आजी दिवसभर गुंगीत, लघवी अडलेली, पोट साफ नाही.

बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोजची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत लाल, चालताना तोल जाणं आणि विस्मरण ही लक्षणं हिमोग्लोबिन चांगलं असतानाही येऊ शकतात. रिपोर्टमध्ये 200 च्या खाली कमतरता, 200 ते 300 शंकास्पद. तपासणीआधी मल्टिव्हिटॅमिन घेतलं तर आकडा फसवा येतो, म्हणून रक्त आधी, गोळी नंतर. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मागून चालू राहतं. दूध-दह्यात बी-12 असतं, अंडी-माशांत जास्त, पालेभाजीत नसतं.

माशांचं निघालंच आहे तर बांगडा आणि तारली. मेंदूला हवं असलेलं ओमेगा-3 पापलेटपेक्षा यांत जास्त आणि भाव निम्म्याहून कमी. आठवड्यातून दोनदा, तळण्यापेक्षा कालवणात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आणि शाकाहाऱ्यांना बारा महिने जवसाची चटणी. जवस भाजून कुटल्याशिवाय उपयोग नाही, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. शरीर जवसातल्या ओमेगा-3 चं माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडं करतं, एवढं मात्र माहीत असू द्या. बदाम खायला हरकत नाही, भिजवून किंवा न भिजवता.

गिंको या वनस्पतीच्या गोळ्या ‘मेमरी टॉनिक’ म्हणून विकल्या जातात. पंच्याहत्तरीपुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 240 मिलिग्रॅम देऊनही डिमेन्शिया कमी झाला नाही. ब्राह्मीवर छोटे अभ्यास आहेत, काहींत पाठांतर थोडं सुधारलं. त्यापुढचा दावा जाहिरातीचा.

लहानपण आणि डोक्याचा मार

मेंदूचा पाया गर्भात पडतो. मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरल्यापासून, निदान महिनाभर आधी सुरू करायची. आयोडिनयुक्त मीठ बंद डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा. सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून त्यावरच राहिलेल्या गरोदर बाईला आयोडिन कमी पडतं. पुढची पहिली दोन वर्षं आईचं दूध, लोह आणि बाळाशी भरपूर बोलणं.

बाईकवर मागे बसणाऱ्यालाही मुंबईत हेल्मेट सक्तीचं आहे. आयएसआय खूण आणि 4151 हा क्रमांक पाहा. पट्टा हनुवटीखाली बांधल्यावर दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, ते बदला.

म्हाताऱ्यांत डोक्याला मार लागतो तो बाथरूममध्ये. ओल्या फरशीवर मॅट, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, रात्रीचा मंद दिवा. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भार टाकला तर तो भिंतीतून निघून येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस पडला, तर टेंगूळ आलं नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिवाय दोन ते सहा आठवड्यांनी तो सुस्त, गोंधळलेला वाटला किंवा एक पाय ओढायला लागला, तर सीटी स्कॅन करा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त शस्त्रक्रियेने काढता येतं आणि माणूस पूर्ववत होऊ शकतो.

चालणं आणि नवं शिकणं

आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मरीन ड्राइव्हची वाट सुमारे 3.6 किलोमीटर आहे. आठवड्यातून चार वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भराभर गेलात तर कोटा पुरा होतो. हिवाळ्यात ‘समीर’ ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, पाहून दुपार किंवा संध्याकाळ निवडा, कारण पहाटे धूळ आणि धूर खाली बसलेले असतात. घरातली डासांची कॉइल आणि बंद खोलीतला धूपही त्याच खात्यात मोजा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: हात छातीशी बांधून खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, असे दोन फेरे. फिनलंडच्या ‘फिंगर’ चाचणीत (2015) आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि बीपी-शुगरवर नजर हे चारही 1260 ज्येष्ठांपैकी ज्या गटाने दोन वर्षं एकत्र केले, त्यांचे बौद्धिक चाचण्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारले. एकत्र, हे महत्त्वाचं.

रोजचं शब्दकोडं सोडवून माणूस शब्दकोड्यात तरबेज होतो, एवढंच. मेंदूला अवघड जाईल असं काहीतरी हवं, पेटी शिकणं, कन्नड बोलायला शिकणं, मोडी लिपीचे वर्ग. आणि शक्यतो चार माणसांत बसून. भजनी मंडळ यात नकळत बरंच साधतं: पाठांतर, ताल, श्वास, संगत, जाण्या-येण्याचं चालणं.

अचानक आणि हळूहळू

तोंड वाकडं, एक हात गळणं, बोबडं बोलणं, अचानक तोल जाणं, एका डोळ्याची नजर जाणं: यातलं काहीही झालं तर तो स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात, असू शकतो; 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून घड्याळ पाहून ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ लिहा. ॲस्पिरिन देऊ नका; रक्तस्राव असेल तर घात होतो. जिभेखाली बीपीची गोळी नको, पाणी नको. चोवीस तास सीटी आणि स्ट्रोकचे डॉक्टर असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये चुकीच्या रुग्णालयात गेलेला तासभर परत मिळत नाही.

दोन-तीन दिवसांत अचानक भ्रम सुरू झाला, दिवसा झोप आणि रात्री बडबड, तर तो बहुतेकदा डिलिरियम असतो: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, किंवा बीपीच्या पाणी काढणाऱ्या गोळीने उतरलेलं सोडियम. हे तातडीचं आहे आणि बरं होणारं आहे.

नाव ओठांवर येऊन अडणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयाप्रमाणे चालतं. तोच प्रश्न तासाभरात चौथ्यांदा, रोजच्या दादर स्टेशनातून घरची वाट न सापडणं, बँकेच्या व्यवहारात गोंधळ, वर्षानुवर्षं जमणारी आमटी अचानक न जमणं, हे दाखवायला हवं. सुरुवातीला बी-12, थायरॉइड, सोडियम, शुगर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या आणि मेंदूचा एक स्कॅन. नैराश्याचीही चौकशी व्हावी, कारण म्हातारपणी ते विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं. त्यासाठी टेलीमानसचा 14416 हा क्रमांक आहे. विस्मरणासोबत पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवर ताबा नसणं, असं त्रिकूट दिसलं तर डॉक्टरांना ते तिन्ही एकत्र सांगा. मेंदूतलं पाणी साचण्याचा एक प्रकार असतो, त्यावर शस्त्रक्रियेने उपाय होतो.

ओपीडीत मिळतात फार तर दहा मिनिटं. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधी सुरू झालं, हळूहळू की टप्प्याटप्प्याने, आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही याची तीन ठळक उदाहरणं, झोप, पडणं, सगळ्या गोळ्या, घरच्या बीपीचे आठवडाभराचे आकडे. आणि रोज सोबत राहणाऱ्या माणसालाच घेऊन जा, महिन्यातून एकदा भेटणाऱ्या मुलाला नव्हे. आई-वडिलांसमोर हे बोलणं अवघड जातं, तर कागद केस पेपरमध्ये ठेवून आत पाठवा, डॉक्टर वाचतात.